वास येतो का बघ

बायको सुलाबाई गेल्यापासून गोरक्षनानांच्या घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर", दुपारी भाजीवालीला "पावशेर दे", आणि पुण्याहून मुलीचा, पूजाचा, फोन आला तर "जेवलो". एवढ्यात दिवस आटपायचा.

दात घासणंही असंच सुटत गेलं. सुलाबाई चहा गाळता गाळता मोरीकडे बघून ओरडायची, "नुसती चूळ भरू नका, ब्रश फिरवा!" आता टोकणारं कुणी नव्हतं. ब्रश जाऊन बोटाने मंजन आलं आणि दिवाळीनंतर तेही गेलं. डावीकडची हिरडी ठणकायची म्हणून नाना उजव्या बाजूने चावत. त्यापलीकडे त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

मे महिन्यात पूजा तिच्या सहा वर्षांच्या वेदिकाला घेऊन चार दिवसांसाठी आली. नानांनी आदल्या दिवशीच आंबे आणून ठेवले होते. पण नात मांडीवर बसली की मान फिरवायची आणि जरा वेळाने घसरून खाली उतरायची. पोर मोठी झाली, लाजते, असं नानांना वाटलं. तिसऱ्या दिवशी ते तिला गोष्ट सांगायला लागले, तशी तिने नाक धरलं.

"नाना, तुमच्या तोंडाला वास येतो."

"वेदू! असं बोलतात का?" पूजा स्वयंपाकघरातून धावतच आली.

"तिला कशाला रागावते? खरंच येतो का?"

पूजाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "थोडासा."

"कधीपासून?"

"आले तेव्हाच जाणवलं. पण तुम्हाला कसं सांगायचं..."

"तुझी आई दारातच बोलली असती," नाना म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

म्हणजे किती महिने तो वास होता कुणास ठाऊक. तो समजावा इतक्या जवळ वर्षभरात कुणी बसलंच नव्हतं. उरलेला दीड दिवस ते नातीशी तोंडासमोर हात धरून बोलले. पूजाच्या ते लक्षात आलं.

मायलेकी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर देवरे ही पूजापेक्षाही लहान दिसणारी मुलगी. तिने आरशाने सगळं तोंड तपासलं.

"काका, दातांवर बरंच कीटण साचलंय. हिरड्या सुजल्यात. दात घासता ना?"

नानांनी नजर छताकडे वळवली.

"घरी कोण कोण असतं?"

"मीच."

तिने खुर्ची मागे कलवली. मशीनने दात साफ केले. नाना थुंकले तेव्हा पाणी लाल झालं. मग तिने दाखवायची प्लॅस्टिकची कवळी आणि मऊ ब्रश काढला. "जोर लावायचा नाही. ब्रश तिरपा धरून हिरडीच्या कडेला टेकवायचा आणि छोटे छोटे गोल फिरवायचे. आतून, बाहेरून, मागच्या दाढांपर्यंत. शेवटी जीभ. सकाळी एकदा, रात्री जेवल्यावर एकदा, दोन-दोन मिनिटं. आता तुम्ही करून दाखवा."

नानांनी ब्रश तोंडात घातला आणि आयुष्यभराच्या सवयीने आडवा घासला.

"असं नाही, काका." तिने एका हाताने त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्याने त्यांचं मनगट, आणि ब्रश हळूच गोल फिरवला. हातात रबरी मोजे होते, तरी बोटांची ऊब लागत होती. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्या दिवसापासून नाना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दोन मिनिटं ब्रश करू लागले. दहा-बारा दिवसांत रक्त यायचं थांबलं. डावीकडूनही चावता येऊ लागलं. पंधरा दिवसांनी ते इस्त्रीचा सदरा घालून दाखवायला गेले.

"मस्त!" डॉक्टर म्हणाली. "आता सहा महिन्यांनी या."

"मध्ये एकदा येऊन जाऊ का? बघायला, बरोबर होतंय का?"

"गरज नाही, काका. छान चाललंय."

नाना जिना उतरले. बरं झालं म्हणजे बोलावणं संपलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी तळहातावर श्वास सोडून हुंगला. स्वतःचं स्वतःला काही कळेना. पूजाला विचारावं तर पुणं लांब, आणि फोनवरून वास कसा जाणार? शेजारच्यांना विचारायची लाज वाटली.

बुधवारी सकाळी त्यांनी देवळ्याची एसटी धरली. तिथे त्यांची थोरली बहीण होती, अक्काबाई. पंचाहत्तरीची, तोंडाने फटकळ. ती दारात कांदे निवडत बसली होती. नाना तिच्याजवळ जाऊन बसले.

"अक्का, माझ्या तोंडाला वास येतो का बघ."

"आँ?"

"बघ ना. खरं सांग."

तिने हातातला कांदा ठेवला, त्यांचा कान धरून तोंड जवळ ओढलं आणि हुंगलं. "नाय येत. पेस्टचा येतो. इतक्या लांबनं हेच इचारायला आला?"

"हो."

अक्काबाई हसायला लागली, मग त्यांच्याकडे बघून थांबली. "सुला गेल्यापासून लय वाळला रे तू," ती म्हणाली.

दुपारी सुनेने भाकरी आणि शेवेची भाजी वाढली. निघताना अक्काबाई म्हणाली, "ऱ्हा आजच्या दिस." नाना सवयीने "नको, घर बंद हाय" म्हणून गेले. गाडी भावडबारीच्या घाटात आली तेव्हा त्यांना वाटलं, घर बंद आहे तर बिघडलं काय? आत वाट बघणारं कोण होतं? पण गाडी पुढे निघाली होती.

घरी पोचल्यावर त्यांनी फोन लावला. "अक्का, पोचलो."

"बरं."

"रविवारी येऊ का? चार दिस राहायला."

"ये की. इचारतो काय?"

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. रविवारला अजून चार दिवस होते. नानांनी भात टाकला, जेवले, आणि घड्याळाकडे तोंड करून ब्रश करायला उभे राहिले.