दोन आखूड शिट्या

मी एक जुनी पितळी शिटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. मला कुणाचा पटकन भरवसा वाटत नाही. बंदुकीचा तर नाहीच नाही. पण खूप दिवस मला माझ्या स्वतःच्या आवाजाचाही भरवसा वाटत नव्हता. असे का झाले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. यवतमाळच्या बाजारातली एक काचेची पेटी मात्र आठवते. तिच्यात मी कंगवे, गुंड्या आणि सुयांच्या पुड्यांच्या शेजारी पडून होते. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली, म्हणजे १९५६ च्या हिवाळ्यात, एका उंच माणसाने मला विकत घेतले. त्याने दुकानातच मला जोराने फुंकून पाहिले आणि रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिचकला. तो माणूस हसला आणि म्हणाला, "हेच पायजे."

ते होते विठ्ठलराव. आर्णीजवळ अरुणावतीच्या काठी त्यांची कापसाची आणि तुरीची शेती होती. वर्षभर ते शेतीत गढलेले असत. हिवाळा आला की मात्र परवान्याची बंदूक काढून ते तितराच्या शिकारीला निघत. त्यांचे काही नियम होते. ते म्हणत, "पाखरू मारायचं तं उडतं मारा. बसलेल्याले मारनं म्हंजे झोपलेल्याच्या खिशात हात घालनं."

तितर झुडपातून आपण होऊन उडत नाही. त्याला उठवावे लागते. त्यासाठी जवळच्या बंजारा तांड्यावरची दहा-बारा माणसे येत. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून देशभर फिरले होते. आता तांड्यावर प्रत्येकाची थोडीथोडी शेती होती. ही माणसे एका ओळीत उभी राहून रॉकेलचे रिकामे डबे वाजवत बंदुकांच्या दिशेने चालत येत. याला हाका म्हणतात. म्हणजे बघा, हाकेवाला माणूस पक्ष्याच्या मागे असतो आणि बंदूक पक्ष्याच्या पुढे. पक्षी उडाला की दोघांच्या मध्ये फक्त हवा उरते.

हाकेवाल्यांचा म्होरक्या धरमसिंग होता. विठ्ठलरावांनी मला सुतळीत ओवून त्याच्या गळ्यात घातले आणि म्हणाले, "धरमसिंग, बंदुकीचा मालक मी. पन बंदुकीच्या तोंडाचा मालक आजपासून तू."

नियम सोपा होता. एक लांब शिटी झाली की हाका निघायचा आणि डबे वाजू लागायचे. हाकेवाले बंदुकांपासून चाळीस पावलांवर आले की दोन आखूड शिट्या व्हायच्या. त्या झाल्या की सगळे डबे बंद, सगळ्या नळ्या आभाळाकडे आणि बोटे चापाबाहेर. मग समोरून मोर जरी नाचत आला तरी गोळी सुटायची नाही.

पहिल्या हिवाळ्यात माझे खूप कौतुक झाले. पण शिटीच्या पोटात एक लहानशी बुचाची गोळी असते. ती नाचली की आवाज थरथरतो आणि लांब जातो. माझी गोळी पुढच्याच पावसाळ्यात कुजली आणि तिचा भुगा झाला. धरमसिंगने काय करावे? त्याने फटीतून तुरीचा एक दाणा आत सरकवला. दाणा छान नाचू लागला. विठ्ठलराव म्हणाले, "वा! आता शिटी बी वऱ्हाडी झाली."

पण एका धुक्याच्या सकाळी तो दाणा ओल खाऊन फुगला. धरमसिंगने फुंकले आणि माझ्यातून नुसते 'फुस्स' असे निघाले. सगळे हसले. त्याने मला झटकले, धोतराला पुसले, पुन्हा फुंकले, मी वाजले, कुणाचे काही बिघडले नाही. तरीही त्या दिवसापासून तो दर शिकारीला नवा कोरडा दाणा घालू लागला आणि वाजवून झाले की मला बंडीच्या आत, छातीशी ठेवू लागला. लोक मात्र ते 'फुस्स' विसरले नाहीत. मीही विसरले नाही.

१९५८ च्या डिसेंबरात विठ्ठलरावांकडे जीपगाडीतून दोन पाहुणे आले. एक यवतमाळचे घनश्यामबाबू, कापसाचे व्यापारी. दुसरे वणीचे त्यांचे मित्र देवीलाल. घनश्यामबाबूंनी जीपमधून बंदूक खाली ठेवली ती अशी, की तिचे तोंड चहा पीत बसलेल्या हाकेवाल्यांकडे होते. धरमसिंग आपली कपबशी घेऊन दोन हात बाजूला सरकला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

पहिल्या हाक्याला एक तितर उडाला आणि देवीलालच्या गोळीने पडला. तो जमिनीवर यायच्या आत घनश्यामबाबू ओरडले, "माझा!"

"अरे, माया छर्रा लागला त्याले," देवीलाल म्हणाला.

"तुया छर्रा ढगाले लागला. पाह्य, ढग कसा लंगडून राह्यला!"

देवीलाल रुसला. त्या रुसण्यात त्याने दुसऱ्या हाक्याला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पळणारा तितर जमिनीवरच मारला. छर्रे मातीत घुसून धूळ उडाली आणि जवळचा हाकेवाला मागे उडी मारून पडला. घनश्यामबाबू खदखदा हसले आणि भरलेली बंदूक खांद्यावर आडवी टाकून ओळ सोडून पुढे चालू लागले. ते मागे वळून बोलत, तशी नळी सगळ्यांच्या तोंडावरून फिरे.

विठ्ठलरावांचे तोंड कडू झाले होते. धरमसिंग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मालक, आज पुरे करा. मले हे लक्षन ठीक दिसत नाही."

"पाहुने हायत रे," विठ्ठलराव हळूच म्हणाले. "पाहुन्याले कसं बोलावं? एक हाका घेऊ आन् घरी जाऊ."

तिसरा हाका तुरीच्या शेतातून नाल्याकडे होता. शेजारच्या शेतात बायका कापूस वेचत होत्या. त्यांच्यात रुपीबाई होती. धरमसिंगचा धाकटा भाऊ पूनमसिंग याची ती बायको. पूनमसिंग हाक्याच्या ओळीत डाव्या टोकाला होता.

धरमसिंगने एक लांब शिटी दिली. डबे वाजू लागले. तूर छातीएवढी उंच होती, शेंगा हिरव्या होत्या, माणसांची फक्त पागोटी दिसत होती. चाळीस पावले उरली तेव्हा त्याने मला ओठांशी नेले आणि दोनदा फुंकले. पहिली शिटी खणखणीत गेली. दुसरी मला जरा ओली वाटली. त्याने मला लगेच बंडीत सरकवले. तिथे अंधार होता आणि त्याच्या छातीच्या ठोक्यांखेरीज मला काही ऐकू येत नव्हते. सात-आठ ठोके झाले असतील.

आणि धाड!

सुतळीला हिसका बसून मी बंडीबाहेर आले, तेव्हा नाल्याकडून घनश्यामबाबूंचा आवाज येत होता. तो पार कापसाच्या शेतापर्यंत जात होता. "देवीलाल! पाह्यलंच नाही मी त्याले! तुरीत फडफड ऐकली, वळलो, अन् नुसत्या कानावर उडवला!"

त्यापाठोपाठ डाव्या टोकाकडून किंकाळी आली. "याडी ये!" पूनमसिंग त्याच्या बोलीत आईला हाक मारत होता.

छर्रे त्याच्या पोटरीत घुसले होते. त्याला उचलून जीपजवळ बाभळीखाली आणले. रुपीबाई कापसाची ओटी तशीच बांधलेली घेऊन धावत आली. तिने ओढणीचा पदर फाडला आणि जखमेवर दाबून धरला. दीर-जावांची, पोरांची सगळी गर्दी जमली.

घनश्यामबाबूंचे तोंड आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "शिटी कोठी वाजली?" ते म्हणाले. "वाजली असती तं मी मारतो का? मी काय खुळा हाय? देवीलाल, तू ऐकली?"

देवीलालने आपल्या बुटांकडे पाहिले. "नाही बा. मले नाही आली ऐकू."

"वाजली जी, दोनदा वाजली," हाकेवाले म्हणाले.

"तुमी सारे एका तांड्याचे. त्याचीच बाजू घेनार! त्या शिटीत तुरीचा दाना हाय म्हनतात. फुगला असन. सख्ख्या भावाचं रक्त सांडवलं यानं, अन् आता आमच्यावर ढकलून राह्यले! पोलिसात जाऊ द्या, मी हेच सांगीन."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळले. धरमसिंगने मला ओठांशी नेले. त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याने फुंकले आणि मित्रांनो, माझ्यातून 'फुस्स' असे निघाले.

त्या क्षणी मला माझाच संशय आला. दुसरी शिटी खरेच बाहेर गेली होती का? धरमसिंग माझ्याकडे बघत होता. तोही तेच विचारत होता. भावाच्या पायातून रक्त येत होते, तरी तो त्याच्याजवळ खाली बसला नाही. दोषी माणसासारखा उभाच राहिला. विठ्ठलराव एकदा पाहुण्यांकडे आणि एकदा पूनमसिंगकडे बघत होते. 

"अन् समजा वाजली," घनश्यामबाबूंना आता जोर आला होता, "तरी त्या डब्यांच्या दनदनाटात कोनाले ऐकू येते? माया कानाशी डबे वाजून राह्यले होते!"

"मालक, मी बोलू का?"

हा आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. दोन वर्षे मी धरमसिंगच्या गळ्यात होते आणि त्याच घरात रुपीबाई होती. पण तांड्याच्या रीतीप्रमाणे सून जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नाही. घुंगट हनुवटीपर्यंत ओढलेला असतो आणि काही सांगायचे तर सासू किंवा पोरे सांगतात. आज तिने घुंगट तसाच ठेवला, हात जखमेवर तसाच ठेवला आणि रीत मोडली. तांड्यावरची माणसे तिच्याकडे वळून बघू लागली.

"बोल, बाई," विठ्ठलराव म्हणाले.

"बाबूले विचारा, तितराची फडफड त्याहीनं ऐकली का नाही?"

"ऐकली ना!" घनश्यामबाबू म्हणाले. "ऐकूनच तं मारला. साऱ्यांसमोर सांगतलं मी."

"मंग कानाशी डबे वाजून राह्यले होते, तं फडफड कशी आली ऐकू?"

घनश्यामबाबूंनी देवीलालकडे पाहिले. 

"डबे बंद झालते," रुपीबाई म्हणाली. "अन् आमचे लोक शिटीबिगर डबे बंद करत नाहीत. मी दर हाक्याले कापूस वेचता वेचता कान तिकडंच ठेवते, मालक. डबे थांबले का मी मान वर करते. म्हंजे माया मानूस आता बंदुकीपुढून सुटला. आज बी केली मान वर. मंग धाड झालं."

देवीलाल पुटपुटला, "घनश्याम, शिटी वाजलती. म्या ऐकलती."

"मंग मघा काहून नाही बोलला?" विठ्ठलरावांनी विचारले.

"दोस्त हाय जी तो माया."

विठ्ठलरावांनी मान खाली घातली. "म्याबी तेच केलं. पाहुना म्हनून गप्प राह्यलो. सकाळीच बोललो असतो तं हे पोरगं पायावर उभं असतं."

मग ते पुढे झाले आणि त्यांनी घनश्यामबाबूंच्या हातातली बंदूक काढून घेऊन उघडली. एका नळीत रिकामे काडतूस होते. दुसरीत भरलेले. एवढा वेळ ती बंदूक आम्हा सगळ्यांकडे तोंड करून होती.

पूनमसिंगला जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेले. विठ्ठलरावांनी सांगितल्याप्रमाणे घनश्यामबाबू मागे बसले आणि रक्ताळलेला पाय त्यांनी मांडीवर धरला. त्यांचा कोट खराब झाला. धरमसिंगच्या गळ्यात मीही गाडीत होते; वाटेत ते फक्त एकदाच बोलले. पूनमसिंगला म्हणाले, "लई दुखते का?" पोलिसात त्यांनी स्वतःच खरे सांगितले, असे मी नंतर ऐकले. खरे की खोटे कोण जाणे. पण धरमसिंगकडे कुणी विचारायला आले नाही. पूनमसिंग चालू लागला. थंडीत थोडा लंगडतो.

धरमसिंगने दुसऱ्या दिवशी मला गळ्यातून काढले. जेठ सुनेच्या हातात काही देत नाही. म्हणून त्याने मला अंगणात रुपीबाईच्या समोर जमिनीवर ठेवले आणि तो बाजूला झाला. तिने मला उचलले, दाणा काढून टाकला, राखेने घासून लख्ख केले. विठ्ठलरावांनी पुन्हा हाका काढला नाही. मी काही वर्षे रुपीबाईच्या पेटीत ओढण्यांखाली पडून राहिले. हिरवी पडले. मला वाटले, संपले माझे दिवस.

मग तांड्यावर शाळा आली आणि रुपीबाईने मला गुरुजींना देऊन टाकले. आता १९६६ साल आहे. मी वर्गाच्या चौकटीवर खिळ्याला टांगलेली असते. पोरे मला ओल्या हातांनी घेतात, जमिनीवर आपटतात, पोटात बोराच्या बिया कोंबतात. मित्रांनो, एवढे करू नका. मला पुसा, कोरडी ठेवा, आणि खेळायच्या आधी एकदा फुंकून बघा. ज्याच्या आवाजावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्याला कोरडे आणि तयार ठेवायचे असते.

आणखी एक सांगते. खेळात मी दोनदा वाजले की हात थांबवा. तुम्ही ऐकले असेल, तर ऐकले म्हणा; दोस्त रागावला तरी म्हणा. मी अजून संशयीच आहे. वाजून झाल्यावर मी दर वेळी कान देऊन बघते, गलका थांबतो की नाही.

तो थांबतो, तेव्हा समोरच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई मान वर करते. मग पुन्हा वेचू लागते.