तिसरं जॅकेट

आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजीने साठीला दुकान बंद केलं आणि एका शिडाची जुनी बोट घेतली. गावापुढे एवढा मोठा उपसागर पसरलेला, आणि आपण चाळीस वर्षं काटे बघत बसलो, याची त्याला चुटपुट होती. सोबतीला थोरली बहीण. ताई निवृत्त नर्स होती, जिभेने तिखट. "तुझा हा टब बुडाला ना, तर मी सरळ पोहत घरी जाईन, तुझी वाट बघणार नाही," असं म्हणायची, पण एक रविवार चुकवायची नाही.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला बेटाला वळसा घालून परत फिरताना वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. पाठोपाठ धुकं आलं, इतकं दाट की बोटीचं पुढचं टोकही दिसेना. घड्याळजीने नांगर टाकला आणि दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवू लागला.

भोंग्याला उत्तर आलं ते माणसांच्या आवाजांचं. अगदी जवळून. चमचे वाजले, कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "अगं, ताटं आवर, भिजतील."

"ओ, सांभाळून! आम्ही इथे उभे आहोत!" घड्याळजी ओरडला.

आवाज थांबले. मग एक म्हातारा, शेजारच्याला विचारावं तसा, हळूच म्हणाला, "दोघंच दिसतायत. तिघं होते ना?"

"होते की. मघाशी पुढे बसून गात होता तो."

"मग गेला कुठे?"

"त्यांनाच विचारा."

पण कुणी काही विचारलं नाही. नुसतं पाणी बोटीवर चुबुक चुबुक आपटत राहिलं.

"चेष्टा करतायत मेले," ताई म्हणाली, पण तिने भावाची बाही घट्ट धरली होती. मग वॉर्डातली जुनी सवय जागी झाली आणि ती मोजायला लागली. केबिनमध्ये लाइफ जॅकेटं अडकवायच्या खुंट्या तीन. दोन जॅकेटं दोघांच्या अंगात. तिसरी खुंटी रिकामी. ती चाचपडत पुढे गेली आणि एक पेला घेऊन परत आली. त्यात अर्धा चहा होता, अजून कोमट.

"हा कुणाचा?"

"तुझाच असेल."

ताईने चहात करंगळी बुडवून चाखलं. "गोड आहे."

साखर दोघांनाही वर्ज्य होती. थर्मासमधून चहा ओतल्याचं घड्याळजीला आठवत होतं. पुढे वाकून "अजून घे रे" म्हटल्याचंही आठवत होतं. कुणाला म्हटलं, तेवढंच आठवेना.

अर्ध्या तासाने धुकं विरलं. किनाऱ्यापर्यंत पाणी मोकळं होतं, बोट सोडा, होडकंही नव्हतं.

घड्याळजीने तटरक्षकांना रेडिओवर हाक दिली.

"बेपत्ता कोण?" पलीकडून विचारलं.

"माहीत नाही."

"पुरुष की बाई?"

त्याने ताईकडे पाहिलं. "पुरुष," ती म्हणाली. "गाणारा."

तरी ते आले बिचारे. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाणी पालथं घातलं. माणूस नाही, जॅकेट नाही. गावात कुणी हरवल्याची तक्रारही नाही.

धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला ताईने गाठलं. "सकाळी आम्ही किती जण गेलो होतो?"

"नेहमीचेच की."

"म्हणजे किती?"

पहारेकऱ्याने नजर चुकवली. "तुम्ही नेहमी असता तेवढेच," म्हणाला आणि चौकीत निघून गेला.

घरी आल्या आल्या ताईने बोटीवरचे सगळे फोटो कपाटातून बाहेर काढले. वर्षभराचे, चाळीसएक. प्रत्येकात दोघंच होते, सुकाणूपाशी बसलेले, समोर बघून हसणारे. आणि प्रत्येक फोटो बोटीच्या पुढच्या टोकावरून काढलेला होता. एकात तर ताईने समोरच्याला मारायला चप्पल उगारली होती, अगदी लाडाने.

"विकून टाकू बोट," घड्याळजी म्हणाला.

"खबरदार," ताई म्हणाली. "उद्या तो पोहत आला आणि बोट नसली तर कुठे चढेल?"

तेव्हापासून दर रविवारी दोघं बेटाच्या त्या वळणावर जाऊन नांगर टाकतात. ते आवाज पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. ताई पुढच्या टोकाला उभी राहते, तोंडाशी हात नेते, छाती भरून श्वास घेते आणि तिथेच अडते, कारण हाक मारायला नाव आठवत नाही. मग ती नुसतंच "अरे ए, चल ये आता" म्हणते, घरातल्या शेंडेफळाला जेवायला बोलवावं तशी.