शाळेमागची भेग

घरात तिला सगळे दगडूबाई म्हणत. नाव ठेवलं धाकट्या भावाने. "एवढी वर्षं विद्यापीठात घासून शिकली काय, तर दगड!" असं तो म्हणायचा आणि आईसुद्धा तोंड फिरवून हसायची. तिला राग येत नसे. भूशास्त्र शिकायचं आणि शाळेत शिकवायचं, हे तिने लहानपणीच पक्कं केलं होतं. बाबा खाणीत सुरुंग लावायचे. त्यांनी आणून दिलेल्या खड्यांशी खेळतच ती वाढली होती.

शेवटच्या वर्षी सराव-पाठांसाठी तिला मिळालेली शाळा नेमकी त्या खाणीच्या टेकडीखाली होती. पलीकडे खाण, अलीकडे शाळा. एके दिवशी ती सातवीच्या मुलांना मातीचे थर दाखवायला शाळेमागच्या उतारावर घेऊन गेली, आणि गवतात तिला भेग दिसली. हात आत जाईल एवढी रुंद, उतारावर आडवी, लांबवर गेलेली. तिच्याखालची झाडं सगळी कलली होती.

"ताई, हे कशाने झालं?" एका मुलीने विचारलं.

"टेकडी हळूहळू खाली सरकतेय."

"मग आमच्या वर्गावर पडेल?"

वेळ मारून नेता आली असती. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "पडू शकते."

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा आणि फाटकाशी आयांची गर्दी. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला आत बोलावलं.

"अगं, मुलांना सांगण्याआधी मला सांगायचंस ना?"

"चुकलंच माझं, बाई. पण एकदा बघायला तरी चला."

"बघून काय करू? दुसरी इमारत कुठून आणू?" बाईंचा आवाज चढला, पण डोळे खिडकीकडे गेले होते.

तिने विद्यापीठातल्या सरांना आणून भेग दाखवली. "सरकतेय, यात शंका नाही," सर म्हणाले. "पण उद्या पडेल की वीस वर्षांनी, ते कुणालाच सांगता येणार नाही. पलीकडचे हादरे थांबले तर बरं."

पलीकडचे हादरे म्हणजे बाबा.

ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. "मालक विचारत होते," बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या पोरीला खाण बंद पाडायचीय का?"

"मी खाणीचं नावसुद्धा काढलं नाही, बाबा."

"शिकवायला गेलीस ना? मग पुस्तकातलं शिकवायचं," आई म्हणाली.

"हे पुस्तकातलंच आहे गं."

त्या दिवशी भावानेही थट्टा केली नाही.

सुट्टीच्या दिवशी बाबांनी चपला पायात सरकवल्या. "चल, दाखव."

वर गेल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. खाली वर्गांची छपरं दिसत होती. "सुरुंगाआधी आम्ही भोंगा वाजवून आमची माणसं लांब नेतो," ते म्हणाले. "या बाजूला कुणी असतं, हे डोक्यातच आलं नाही कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला तोंडावर सांगितलं, टेकडीच्या बाजूला मी सुरुंग लावणार नाही. मालकाने वाद घातला नाही. बाबांना खाणीच्या फाटकावर राखणीला बसवलं आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस आणला. इकडे बाईंनी मागचे वर्ग बंद करून मुलांना पुढच्या व्हरांड्यात बसवलं. काही मुलं परत आली, काही आलीच नाहीत. तिचे पाठ पुरे झाले, ती पास झाली. घरात पेढा मात्र कुणी आणला नाही.

एका संध्याकाळी बाबा कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "नवा माणूस घाई करतो. सुरुंगात दारू जास्त भरतो. मी होतो तेव्हा हादरा कमी बसायचा."

"म्हणजे तुम्ही परत जाणार?"

"तेच तुला विचारतोय. शिकलीस ना एवढं?"

आपण तोंड उघडलं आणि टेकडीला जास्तच धक्के बसू लागले, एवढंच तिला दिसत होतं.

"आधी बाईंना घेऊन मालकाकडे जाऊ," ती शेवटी म्हणाली.

तिघं गेले आणि टेकडीच्या बाजूचे सुरुंग थांबवा म्हणाले. मालकाने खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाला. बाबा उठले नाहीत. "कधी बघणार ते सांगा," ते म्हणाले, "तोवर आम्ही बसतो."

बाईंनी पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. तिनेही खुर्ची पुढे ओढली.