बोंब नाही

प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेस्टरने कर्सर यादीतल्या तळाच्या ओळीवर नेऊन ठेवला आणि हात उचलून घेतला.

"सर, ही शेवटची तार. बंद करू?"

नकाशे खिडकीपाशी उभे राहून फोनवर बोलत होते. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण भिंत दिसली की तिच्यावर चौकोन आणि बाण काढत सुटायचं, या सवयीमुळे अख्खी कंपनी त्यांना नकाशे म्हणे. आता तर पगार काढणारी मंडळीसुद्धा खरं नाव आठवायला जरा थांबत. फोनवर बायको होती.

"ताईंचा फोन आला का रे तुला?"

"आला असेल."

"असेल म्हणजे? रविवारी तू घरातच होतास. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही आला."

"अगं, असेल कसल्यातरी गडबडीत. करेल ती."

"तुझ्याकडचं म्हणावं असं आता तेवढं एकच माणूस उरलंय. तू लाव की एकदा."

"बघतो," म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला आणि टेस्टरकडे वळून मान हलवली. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं.

कंपनी पाण्याचे पंप बनवायची. पंप अगदी साधे होते, कंपनीचं तसं नव्हतं. गोदामाचा प्रोग्रॅम वेगळा, विक्रीचा वेगळा, हिशेबाचा तिसराच, आणि त्यांना जोडणाऱ्या तारा, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला पोचवणारे छोटे प्रोग्रॅम, ज्याने त्याने आपापल्या काळात, आपापल्या अकलेने ओढलेल्या. एकाला हात लावावा तर भलतेच चार बंद पडत. एका बड्या विक्रेत्याने हे सगळं उचलून स्वतःच्या एकाच प्रोग्रॅममध्ये बसवून द्यायची तयारी दाखवली होती. संचालकांना ते पटतही आलं होतं. तेव्हा नकाशेंनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला आणि म्हणाले, "हे घेतलं की आपण जन्मभर यांच्या दावणीला."

त्यांची स्वतःची योजना निराळी होती. प्रत्येक विभागाचं काम म्हणजे एक सेवा. ज्याला जे हवं त्याने ते ठरलेल्या रीतीने मागायचं, उत्तर ठरलेल्या रीतीने मिळेल. ही रीत खुली, सगळ्या जगाला ठाऊक असलेली, कोणा एका कंपनीच्या मालकीची नव्हे. उद्या विक्रीचा प्रोग्रॅम बदलला तरी गोदामाला त्याचा पत्ताही लागणार नाही. कोणी कोणाच्या स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. हे शेवटचं वाक्य संचालकांना फार आवडलं आणि योजना मंजूर झाली.

नव्या सेवा उभ्या राहिल्या. जुन्या तारांचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण त्या ओढणारे कधीच नोकऱ्या सोडून गेले होते आणि कुठली तार कोणाच्या उपयोगाची हे सांगायला कोणी शिल्लक नव्हतं. मग नकाशेंनी तोडगा काढला. तार बंद करायची आणि गप्प बसायचं. ज्याचं अडेल तो ओरडत येईल, त्याला नव्या सेवेवर आणायचं. कोणीच आलं नाही तर तार कायमची काढून टाकायची. अहवालात याला 'नियंत्रित बंद' म्हटलं होतं. टेस्टर याला बोंब चाचणी म्हणे, आणि कोणाची तक्रार न आलेल्या तारेपुढे फळ्यावर लिही, बोंब नाही.

"पण सर, एखादा नाहीच ओरडला तर?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"ज्याला खरंच हवं असतं तो गप्प बसत नाही," नकाशे म्हणाले होते.

रविवारी सकाळी नऊला ताईचा फोन, हे इतक्या वर्षांचं होतं की तो कधी सुरू झाला ते नकाशेंना सांगता आलं नसतं. आई गेली तेव्हा ते शाळेत होते. तेव्हापासून त्यांना वाढवलं ते ताईने, स्वतःची नोकरी आणि मग स्वतःचा संसार सांभाळून. पहिला प्रश्न कायम एकच.

"छोट्या, जेवलास का?"

"ताई, नऊ वाजलेत."

"बरं बरं."

"बोल, काही काम होतं का?"

काम कधीच नसे. वरच्या मजल्यावरच्यांचा गळका नळ, भाचीच्या परीक्षा, नव्या चष्म्याने होणारी डोकेदुखी असलं काहीतरी ती सांगत राही. नकाशे फोन टेबलावर उताणा ठेवून मेल वाचत आणि मधूनमधून "हं" म्हणत. मागे एकदा ती बोलता बोलता थांबली होती.

"मी फोन करते ते तुला बरं वाटतं ना रे?"

"अगं, म्हणजे काय," नकाशे म्हणाले होते, आणि त्यांनी मेल पाठवून दिला होता.

पुढचे दोन रविवारही तसेच गेले. "लावलास का?" बायकोने विचारलं. "राहून गेलं," नकाशे म्हणाले. ते खोटं नव्हतं. मंगळवारी संचालकांपुढे शेवटचा अहवाल ठेवायचा होता, आणि एकदा तिथे सही झाली की जुन्या तारा कायमच्या जाणार होत्या.

सोमवारी दुपारी टेस्टरच्या टेबलावरचा फोन वाजला. लांबच्या एका गोदामाच्या बाई होत्या. पासवर्ड विसरला, एवढंच त्यांचं काम. टेस्टरने स्पीकर लावला, हात मोकळे करून घेतले आणि नवा पासवर्ड दिला.

"बाकी सगळं ठीक ना, बाई?"

"ठीकच म्हणायचं. सकाळचा निरोप तेवढा बंद झालाय."

"कुठला निरोप?"

"कुठली गाडी कधी पोचणार त्याचा. रोज यायचा. आता कळत नाही ना, म्हणून आमची दोन माणसं दिवसभर फाटकावर बसून असतात."

नकाशे खुर्चीतून उठून टेबलापाशी आले.

"बाई, मग कळवलं का नाही तुम्ही? आम्ही त्याचीच तर वाट बघत होतो."

"कळवायचं काय त्यात? तुम्ही बंद केलंत म्हणजे विचार करूनच केलं असणार," बाई म्हणाल्या. "म्हटलं, नसेल आपली गरज त्यांना. पहिले काही दिवस जरा वाईट वाटलं. मग झाली सवय."

पासवर्डबद्दल आभार मानून त्यांनी फोन ठेवला. टेस्टर उठली, आणि फळ्यावरच्या शेवटच्या ओळीपुढचे दोन शब्द तिने हातानेच पुसून टाकले.

"तार परत जोडते, सर."

"जोड. आणि त्यांना नव्या सेवेवर घे. बाकीच्यांनाही आपणच फोन करून विचारू. एकेकाला."

"आणि उद्याचा अहवाल?"

नकाशे तोवर दाराकडे निघाले होते. त्यांना एकाएकी भीती वाटली होती, आणि ती अहवालाची नव्हती. ते बाहेर जिन्यात आले. ताईचा नंबर सापडायला वेळ लागला. तो लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग फोन उचलला गेला आणि आधी चारपाच बायकांचं हसणं ऐकू आलं.

"छोट्या?"

"हो, ताई."

"बोल, काही काम होतं का?"

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कामाच्या माणसाचा वेळ जाऊ नये, एवढीच काळजी होती. जिन्याच्या भिंतीवर नकाशेंनीच कधीतरी पेन्सिलीने काढलेला एक चौकोन होता. तो ते अंगठ्याने पुसत राहिले.

"नाही गं. काम काही नाही."

"मग?"

"जेवलीस का?"

"चार वाजलेत, छोट्या," ताई म्हणाली.

"हो. माहीत आहे."

तिने फोन तोंडापासून दूर नेला असावा. "तुम्ही चालू द्या गं, मी येते," असं कोणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं. मग दार लोटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून खुर्ची ओढल्याचा.