एकेचाळिसावं नाव

“मिस, तुम्ही बघितलात तो फोटो?”

थालियाने हे विचारलं तेव्हा मी गरम मायलोचा, म्हणजे चॉकलेटच्या दुधाचा, कप घेऊन दारात उभी होते. आमच्या शाळेच्या ऑफिसला लागून एक चिंचोळी खोली आहे. पोट दुखणारी, नाक फुटलेली, घरी जायचंय म्हणून रडणारी सगळी मुलं तिथल्या पलंगावर येऊन पडतात. थालिया नववीतली, चौदा वर्षांची. आठ दिवस रोज मधल्या सुट्टीत तिचं पोट दुखायचं आणि सुट्टी संपली की थांबायचं. वीस-एकवीस वर्षं या शाळेचं कँटीन चालवतेय मी, एवढं मला कळतं.

ऑफिसातली नेरिडा तिच्या उशाशी बसली होती. तिने पांघरुणाचं टोक उगाचच सारखं केलं आणि म्हणाली, “नाही गं बाळा. मी फक्त ऐकलंय.”

“शप्पथ?”

“नाही बघितला म्हणजे नाही बघितला.”

पोरीने असा सुस्कारा सोडला की जणू आठ दिवस श्वास कोंडून बसली होती. “मग मी इथेच बसत जाईन. अख्ख्या शाळेत तुम्ही एकट्याच आहात. बाकी कुणीही माझ्याकडे बघितलं ना, की वाटतं, हा मला बघत नाहीये, तेच बघतोय.”

“आणि मी काय भिंतीवरचं चित्र आहे का?” मी कप पुढे करत म्हटलं.

“मर्ल, तुमच्या त्या बटणांच्या फोनवर कोण काय पाठवणार?”

हसली. अगदी जरासंच, पण हसली. मलाही बरं वाटलं. नेरिडाकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

नेरिडा शिर्मर आमच्या शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं आहे. उशिरा येणाऱ्यांची चिठ्ठी, हरवलेल्या टोप्या, मधमाशी चावलेले हात, सगळं तिच्याकडे. तिची एकच पद्धत. जे पत्र येईल, जी तक्रार येईल, ती छापायची, तारखेचा शिक्का मारायचा, फायलीला लावायची आणि एक प्रत मुख्याध्यापकांना धाडायची. “तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद राहतो,” असं ती नव्या शिक्षकांना ऐकवायची. या पद्धतीने शाळा तीनदा अडचणीतून सुटली होती, त्यामुळे कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती. मी थट्टा करायची, “नेरिडा, मेलीस तरी आधी स्वतःवर शिक्का मारशील.”

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, एका पालकाचा ईमेल आला होता. त्याला मुलाच्या फोनमध्ये फोटो सापडला होता, आणि तो पार भडकला होता. ‘बघा तुमच्या शाळेत काय चाललंय,’ असं लिहून त्याने सोबत तो फोटोच जोडला होता. नेरिडाने नेहमीसारखा उघडला. थालिया दिसली. तिने डोळे मिटले, पण हात एकतीस वर्षांच्या सवयीचे; ते थांबले नाहीत. छापला, शिक्का मारला, पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद केला, आणि ईमेल पुढे आमच्या मुख्याध्यापकाला, डगला, पाठवून दिला. पुरावा जपला, एवढंच तिच्या मनात. हे तिने मला नंतर सांगितलं.

आणि बुधवारी पोरीने डोळ्यांत डोळे घालून विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. पोरीच्या मायेपोटी खोटं बोलली. पण खोटं ते खोटंच.

शुक्रवारी पोलिसांकडून रोवेना आली. मुलांच्या अशाच प्रकरणांचं काम करते, पंचेचाळिशीची, आवाज चढवत नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो, कँटीनवालीसुद्धा.

“आधी एक सांगते,” ती म्हणाली. “अठरा वर्षांखालच्या कुणाचाही तसला फोटो काढणं, जवळ ठेवणं, पुढे पाठवणं, तिन्ही गुन्हे आहेत. पाठवणारा मित्र असो, प्रियकर असो, त्याच वयाचा असो. पोरांना वाटतं गंमत आहे. कायद्याला गंमत कळत नाही.”

“म्हणजे थालियालाही पकडणार?” मी विचारलं. “तिनेच काढला ना तो, तिच्या बॉयफ्रेंडसाठी, त्या ब्रॉडीसाठी.”

“तीच भीती पोरींना गप्प बसवते. चौदा वर्षांच्या मुलीला कोर्टात ओढायला मी आलेली नाही. त्या ब्रॉडीचं मात्र सोपं नाही. तिने विश्वासाने त्याला एकट्याला पाठवला, त्याने फुटबॉलच्या पोरांना वाटला. सोळा वर्षांचा आहे. काय केलं ते त्याला आता बापाच्या शेजारी बसून ऐकावं लागेल.” तिने वही उघडली. “मला यादी हवीय. हा फोटो ज्याच्या ज्याच्याकडे गेला त्या प्रत्येकाचं नाव. एक जरी सुटला, तरी तो वर्षाने पुन्हा कुठेतरी वर येतो. चाळीस नावं झाली आहेत. सगळी मुलं.” मग आम्हा मोठ्यांकडे बघून म्हणाली, “आणि कृपा करून तुमच्यातल्या कुणी पुरावा म्हणून तो जपून ठेवला नसेल अशी आशा आहे. चांगली माणसं हीच चूक करतात. हेतू चांगला म्हणून कागद बदलत नाही. बघायचा नाही, साठवायचा नाही, पाठवायचा नाही. फक्त आम्हाला कळवायचं.”

नेरिडाचा चेहरा पांढराफटक पडला.

बैठक सुटल्यावर डगने तिला कँटीनच्या मागे गाठलं. याच शाळेत शिकला, याच नेरिडाच्या पलंगावर गोवराने लोळलाय. खिडकी उघडी होती, मी पाव कापत होते.

“मी माझ्याकडचा मंगळवारीच पुसून टाकला,” तो हळू आवाजात म्हणाला. “तूही पाकीट जाळ. कुणाला कळणार आहे?”

“ईमेल पाठवल्याची नोंद राहते, डग.”

“कोण बघतंय? आपण काय वाईट केलं? अगं, तुझी निवृत्ती दीड वर्षावर आलीय. मुलांसोबत काम करायचा तुझा परवाना थांबवतील. गावात काय बोलतील? शिर्मरबाईंकडे मुलीचा तसला फोटो सापडला! लोक अर्धंच वाक्य ऐकतात, तुला माहितीये.”

नेरिडा म्हणाली, “त्या यादीत चाळीस पोरं आहेत. त्यांना आपण खरं सांगा म्हणून बसवलंय, डग. आणि आपली दोघांची नावं गाळायची?”

“त्यांनी मजा म्हणून पाठवला. तू...”

“मी पण पाठवलाच ना.”

मी सुरी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, जाळ बाई, जाळून टाक. मैत्रीण आहे माझी. तिचा नवरा गेल्यापासून या शाळेशिवाय तिला आहे काय?

ती ऑफिसात गेली, कुलूप काढलं आणि पाकीट रोवेनाच्या पुढ्यात ठेवलं. रोवेनाने वरवर बघितलं. “तारखेचा शिक्कासुद्धा मारलात?”

“हो. सवय.”

रोवेना हसली नाही. तिने एकेचाळिसावं नाव लिहिलं, मग नेरिडाने सांगितल्यावर बेचाळिसावं, डगचं, आणि त्रेचाळिसावं, ईमेल पाठवणाऱ्या पालकाचं. “तुमच्यावर खटला वगैरे होईल असं मला वाटत नाही,” ती म्हणाली. “पण चौकशी संपेपर्यंत तुम्हाला शाळेत थांबता येणार नाही. आणि ही यादी मुलीला दाखवत नाही आम्ही. तिला कळायचं कारण नाही.”

“मला सांगायचं कारण आहे,” नेरिडा म्हणाली.

थालियाची आई, डेस्पिना, संत्र्यांच्या पॅकिंग शेडमधून तशीच आली होती, केसांवरची जाळी न काढता. दोन तास त्या दोघी रोवेनासोबत त्या चिंचोळ्या खोलीत होत्या. पोरीला तुरुंगात टाकणार नाहीत, फोटो काढून टाकायला लावणारं सरकारी खातं आहे, कुणी धमकी देऊन काही मागितलं तर द्यायचं नाही आणि लगेच सांगायचं, असं सगळं रोवेनाने समजावलं. डेस्पिनाने पोरीला एकदाही रागावलं नाही. नुसती हात धरून बसली होती.

मग नेरिडा आत गेली. मी बाहेर उभी राहिले. लाज वाटते सांगायला, पण ऐकत होते.

“थालिया, मी खोटं बोलले तुझ्याशी. मी बघितला होता. मंगळवारी. आणि पुढे पाठवलाही, डगला. मला वाटलं पुरावा ठेवावा. चुकलंच माझं.”

मग थालियाचा आवाज, अगदी बारीक. “तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

“मी इथे येऊन झोपत होते. तुमच्यासमोर.”

“हो, बाळा.”

“बाळा म्हणू नका मला.”

डेस्पिना काहीतरी बोलायला गेली, पण पोरीने तिचाही हात सोडवला. नेरिडा बाहेर आली तेव्हा ती रडत नव्हती. म्हातारी झाल्यासारखी वाटत होती एकदम. मी तिला बसवलं, चहा दिला. तो तिने घेतला नाही.

शनिवार-रविवार गावात कुजबुज झाली. डगने सांगितलं होतं तसंच झालं, लोकांनी अर्धंच वाक्य ऐकलं. मांसाच्या दुकानात एका बाईने नेरिडाला बघून पोराला जवळ ओढलं. मी तिथे होते. त्या बाईला मी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नेरिडाला किल्ल्या परत करायला बोलावलं. नियम असा की सोबत कुणीतरी हवं, म्हणून डग बरोबर होता. त्याचीही चौकशी चालू होती, पण बदली माणूस मिळेपर्यंत वरिष्ठांनी त्याला ऑफिसातल्या कामापुरता ठेवला होता. त्याला नेरिडाकडे बघवत नव्हतं. ऑफिसातून गाडीपर्यंत जायचं तर सगळं मैदान ओलांडावं लागतं. थंडी होती, तरी ऊन पडलं होतं, आणि सगळी शाळा बाहेर होती. माझ्या खिडकीसमोर सॉसेज रोलसाठी रांग. त्या रांगेच्या शेवटी ब्रॉडी एकटाच उभा होता, त्याच्या आसपास कुणी नाही. त्याच्याकडे बघूनही मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

नेरिडा खोकं घेऊन बाहेर आली. तिचा कप, स्वेटर, एक कुंडी. पोरं गप्प झाली. तीनशे पोरं एकदम गप्प झाली की कसं वाटतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. ती मान खाली घालून चालू लागली.

तेवढ्यात ऑफिसच्या पायऱ्यांवर थालिया दिसली. दोन आठवड्यांत ती मैदानात आली नव्हती. ती पायरीवर थांबली, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ही मागे पळणार. ती खाली उतरली. सरळ चालत आली. वाटेत कुणाकडे बघितलं नाही. नेरिडाजवळ येऊन तिने खोक्यातली कुंडी उचलून घेतली.

“मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर,” ती म्हणाली. माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आलं, इतकं मोठ्याने.

“असायलाच हवं,” नेरिडा म्हणाली.

“नाव तुम्ही स्वतः दिलंत, असं आई म्हणाली.”

नेरिडाने नुसती मान हलवली.

दोघी शेजारी शेजारी चालल्या, डग चार पावलं मागे. फाटकाशी थालियाने कुंडी गाडीच्या पुढच्या आसनावर नीट ठेवली आणि ती कलंडू नये म्हणून तिला पट्टा लावला. निरोप घेतला नाही. मग वळली आणि त्याच मैदानातून एकटी परत आली. घाई न करता, मान वर करून, आणि माझ्या रांगेत ब्रॉडीच्या मागे येऊन उभी राहिली.