‘इतर’ रकान्यातली तक्रार

पाणीखात्याच्या तक्रार कक्षात आम्ही दोघं शेजारी बसायचो. दोन टेबलं, दोन फोन, एक नोंदवही. माझे शेजारी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आणि सगळं खातं त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणायचं. समोरच्याचं वाक्य संपवण्याची जबाबदारी ते स्वतःकडे घेत. फोनवर कुणी “अहो, दोन दिवस झाले…” एवढं म्हणेपर्यंत यांचं पेन रकान्यात टेकलेलं असे. पहिला रकाना पाणी नाही, दुसरा कमी दाब, तिसरा गढूळ, चौथा गळती. पाचवा ‘इतर’. तो त्यांच्या हातून वर्षानुवर्षं कोरा राहिला.

“इतर असं काही नसतं रे,” ते म्हणत. “माणसं तीच चार दुःखं फिरवून सांगतात.”

ग्राहक क्रमांक मात्र ते तीनतीनदा विचारून घेत. आकड्यांचा अंदाज बांधता येत नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

एके दिवशी त्यांना पत्र आलं. श्रवणचाचणीस हजर राहावे. नापास झाल्यास जुन्या मीटरांच्या गोदामात बदली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गोदामात फोन नाही, खिडकी नाही, बोलायला फक्त गंज.

पूर्णविरामांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

“चुगली कुणी केली?”

“मला काय माहीत?”

“आणि मागच्या आठवड्यात माझ्या घरी फिटर कुणी धाडला? न बोलावता आला, नळ सोडून पाहिले, दाब उत्तम आहे म्हणाला आणि गेला. आधी टेहळणी, मग कानाची चिठ्ठी! मी काय दूधखुळा आहे?”

“मी कशाला धाडू?”

“तेच ते. चोराच्या मनात चांदणं.”

त्या दिवसापासून त्यांच्या ड्रॉवरला कुलूप लागलं. आत फक्त डबा असायचा. मी त्यांच्या पाठीमागे काहीबाही पुटपुटत असे, ती माझी चार वर्षांची सवय होती. त्याचा त्यांना कधी पत्ता लागला नव्हता. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही याचा पुरावा माझ्याकडे होता, पण तो मी वापरला नव्हता, देवाशप्पथ.

चाचणीला ते मलाच बरोबर घेऊन गेले. “तू नजरेसमोर बरा.”

कानवाल्या बाईंनी तोंडासमोर पुठ्ठा धरला. ओठ दिसू नयेत म्हणून. त्या एकेक शब्द म्हणत, यांनी तो परत म्हणायचा. वीट. वीट. माळ. माळ. दार. दार. पूर्णविराम धडाधड पुढे जात होते. चौदाव्या शब्दाला बाई थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“अहो, तुमचं सगळंच बरोबर येतंय. माझे स्वतःचे कानसुद्धा एखादा शब्द चुकतात.”

मग त्यांनी पुन्हा पुठ्ठा उचलला आणि त्याच्याआड गप्प बसल्या.

“फूल,” पूर्णविराम म्हणाले.

बाई गप्पच.

“दोर.”

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. “मी अजून बोललेच नाही.”

गेल्या वर्षी इथेच कान तपासून गेलेल्या पंपचालकाने त्यांना दिलेली पंचवीस शब्दांची यादी माझ्यासमोरच पाठ झाली होती. मी छताकडे पाहिलं.

“शब्द कानात अर्धाच शिरतो,” बाई शांतपणे म्हणाल्या, “उरलेला डोकं भरून काढतं. सगळ्यांचंच. पण तुमचं डोकं फारच उदार आहे.”

“ते असो. माझी तक्रार कुणी केली, ते सांगा,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट करून ठेवलं.

बाईंनी फाईल उघडली. “तुमच्या पत्नीने. अकरा तारखेला आधी तुमच्या कक्षात फोन केला होता, असं लिहिलंय. तक्रार नोंदवून घेतली, पण घरी फिटर आला. म्हणून मग पत्र लिहिलं.”

बोट हळूहळू खाली आलं.

कक्षात परत आल्याआल्या त्यांनी नोंदवही उघडली. अकरा तारीख, ग्राहक क्रमांक, दुसरा रकाना, कमी दाब. अक्षर त्यांचंच. तीस वर्षं लोकांचे क्रमांक लिहिणाऱ्याला स्वतःच्या घराचा पाठ नव्हता. त्यांनी घरी फोन लावला. त्यांना ऐकू यावं म्हणून आवाज इतका मोठा ठेवला, की मलाही सगळं ऐकू आलं.

“त्या दिवशी फोनवर काय म्हणाली होतीस?”

“का? आता का विचारताय?” वहिनींच्या आवाजात संशय.

“सांग तर.”

“म्हटलं, तुमच्या कक्षातल्या माणसाला ऐकू येत नाही. घरीही दोन वर्षं झाली, मी बोलते आणि ते दुसऱ्याच कशाला तरी हो म्हणतात. इथपर्यंत आले आणि तुम्ही म्हणालात, नोंद झाली, माणूस येईल. माझा आवाजसुद्धा ओळखला नाहीत.”

पेन हातात होतं. ते टेकलं नाही.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे काय? पुढचं अजून कुणी ऐकलंच नव्हतं.” आणि मग वहिनी बराच वेळ बोलल्या. मध्ये कुणी पूर्णविराम दिला नाही.

फोन ठेवून त्यांनी पाचव्या रकान्यात स्वतःच्या हाताने एक नोंद केली.

बाईंनी निकाल तीन महिने राखून ठेवला, कानात यंत्र बसवलं आणि नव्या यादीने परीक्षा घेतली. पंचवीसपैकी एकवीस. बाईंनी लगेच विश्वास ठेवला. खुर्ची वाचली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ड्रॉवरला कुलूप तसंच.

“आता तरी काढा की, म्हातारबुवा,” मी सवयीने पुटपुटलो.

“ऐकलं,” पूर्णविराम म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.