शेठच्या झाकणावरची इस्त्री

मास्तरांनी मासा आणला तेव्हा तो बोटाएवढा होता. काचेची टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो, असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. लोकांची मापं घेण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या टेलरमास्तरांनी ही थाप खरी मानली. आता मासा हातभर होऊन वर उरला होता. बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत टाकीने अडवली होती, तरी वळताना त्याला शेपूट दुमडावी लागे. मास्तर त्याला शेठ म्हणत. शेठला दुसरा उद्योग नव्हता, खायचं आणि पडून राहायचं. छोटे जिवंत मासे, कोळंबी, मिळालंच तर झुरळ.

घरात खोल्या दोनच. आतली मास्तरांची, बाहेरची शेठची, आणि शेठच्या खोलीत गादी टाकून मास्तरांची लेक आणि जावई झोपत. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. सासऱ्याच्या घरी राहतो म्हणून कामावरचे त्याची टर उडवत, की तुमच्याकडे फुकट खाणारे दोघं, त्यातला एक काचेत असतो. जावई त्यांच्याबरोबर हसायचा, पण ते हसू घरापर्यंत टिकत नसे.

लेकीला सातवा महिना लागला. रात्रभर पंपाची घरघर, गादीला ओलसर वास, आणि शेठने एखादा जिवंत मासा गिळला की ती तोंड दाबून मोरीकडे पळे. बाळाला ठेवायचं कुठे, हा प्रश्न जावयाचं डोकं पोखरत होता. त्याने मास्तरांकडे विषय काढला, परत काढला. मास्तर दर वेळी "बघू" म्हणत आणि टाकीकडे तोंड फिरवत. खरं तर त्यांच्याही हातात फारसं नव्हतं. एवढं धूड परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, तळ्यात सोडावा तर तो तळ्यातलं सगळं फस्त करणार, आणि मारायला मास्तरांचा हात धजेना.

शेठ उडी मारायचा. पाण्याबाहेरचा किडा झेपावून पकडणारी ही जातच. म्हणून टाकीच्या लाकडी झाकणावर मास्तरांची जुनी कोळशाची इस्त्री ठेवलेली असे, चांगली वजनदार, लोखंडी. एकदा पडल्यापासून मास्तरांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, आणि डाव्यातही जेमतेम कप धरण्याइतका जोर होता. त्यांचे केससुद्धा लेक विंचरून द्यायची. त्यामुळे रोज संध्याकाळी जावई इस्त्री उचले, मास्तर खाणं टाकत, जावई इस्त्री परत ठेवी. घरातलं एवढं एकच काम ते दोघं मिळून करत.

लेकीच्या तपासणीच्या दिवशी सकाळी जावयाने ती इस्त्री उचलली आणि शिलाई मशीनवर ठेवून दिली. झाकण वीतभर बाजूला सरकवलं. मास्तरांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं; रोज सकाळी ते नाक्यावर दोस्तांकडे जाऊन बसत, ते जेवायच्या वेळेलाच उगवत. तेवढ्यात शेठ स्वतःहून बाहेर पडेल, कुणी मारला असं होणार नाही, मास्तर चार दिवस हळहळतील आणि मग भिंत मोकळी होईल. जावयाच्या मनात याहून जास्त काही नव्हतं. दवाखान्यात बायकोच्या शेजारी बसून तो मनातल्या मनात त्या भिंतीला रंगही देऊन मोकळा झाला.

दोघं परतले तर दार आतून नुसतं लोटलेलं होतं. जमिनीवर पाणीच पाणी. मास्तर कुशीवर पडले होते, एक पाय भलतीकडे वळलेला. शेजारी ओल्या टॉवेलखाली शेठ. बादली कलंडली होती, आणि मास्तर डाव्या हाताने तिच्यातलं उरलंसुरलं पाणी त्याच्या कल्ल्यांवर शिंपडत होते.

"आधी त्याला," ते म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय?"

जावयाने ते धूड छातीशी धरून उचललं. ते हातात थडथडत होतं. क्षणभर थांबलं असतं तरी काम झालं असतं, पण म्हातारा डोळे लावून बघत होता. त्याने शेठला टाकीत सोडलं. शेठ तळाशी आडवा पडला, आणि थोड्या वेळाने सरळ झाला.

मास्तरांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात लेकीने रडत विचारलं, झाकणावरची इस्त्री काढली कुणी?

"मीच काढली," मास्तर म्हणाले. "धूळ बसली होती."

हे सांगताना त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही. लेकीने पाहिलं. तिने नवऱ्याच्या हातातला आपला हात काढून घेतला आणि वडिलांचे केस विंचरायला घेतले.

मास्तरांना ऑपरेशन झेपलं नाही. छातीत कफ भरला आणि ते गेले.

सगळं उरकून दोघं घरी आले, तेव्हा कुठे जावयाने आतल्या खोलीत पाऊल टाकलं. मास्तरांची खाट ढकलून दाराकडे सरकवलेली होती. कपड्यांचं गाठोडं बांधून बाहेरच्या खोलीत न्यायला दाराशी ठेवलेलं. खिडकीखाली फरशीवर कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने एक चौकोन आखला होता. जोर नसलेल्या हाताच्या रेघा, वेड्यावाकड्या. मध्ये लिहिलं होतं, पाळणा.

म्हणून मास्तर त्या सकाळी नाक्यावर गेले नव्हते. जावई चौकोनाच्या बाहेर खाली बसला, आणि त्याला रडायलासुद्धा लाज वाटली.

"बाबांना ती इस्त्री जागची हलवता येत नव्हती," मागून बायको म्हणाली.

"हो."

मग ती म्हणाली, "ऊठ. शेठची खायची वेळ झालीये. यापुढे तूच बघायचं त्याचं."

तो उठला आणि बाहेर आला. तिने आपली गादी आत ओढून नेली. त्याने एका हाताने इस्त्री उचलून धरली, दुसऱ्या हाताने झाकण सरकवून कोळंबी टाकली. शेठने ती वरच्या वर पकडली. आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला, आणि इस्त्री तशीच हातात धरून तो टाकीसमोर उभा राहिला.